टिकाऊ

बूट चढवायची पितळी पट्टी हातातून निसटून फरशीवर पडली, एवढंच झालं. दुकानात दिवसभर काही ना काही पडतच असतं. ओर्नेल्ला ती उचलायला वाकली, अंगठा पट्टीला टेकला, आणि टेकूनच राहिला. दाबायचं असतं हे तो साफ विसरला होता. तिनं क्षणभर त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मग पट्टी गुपचूप डाव्या हातानं उचलली. समोर स्टुलावर पाय पुढे काढून औषधवाल्याची बायको पाल्मिराबाई बसली होती. या बाईच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नसे, म्हणून ओर्नेल्लाच आधी बोलली, "आज हात नुसते लोण्याचे झालेत बघा."

"तुझ्या हाताला कसली धाड भरतेय," पाल्मिराबाई म्हणाली. "तो काय आमच्यासारखा साधा हात आहे? बरं, हे बूट टिकाऊ आहेत ना? मागचे एक हिवाळासुद्धा पुरले नाहीत."

"टिकाऊ आहेत," ओर्नेल्ला म्हणाली.

या शब्दाशी तिचं एक वेगळंच नातं होऊन बसलं होतं. सात वर्षांची असताना, युद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा, तिला पोलिओ झाला आणि उजवा हात खांद्यापासून लोंबायला लागला. तिच्या आईनं, दिर्चेनं, तिला कडेवर घेऊन क्लारा सिस्टरांच्या मठात नेलं, धन्य आर्मेलिनाचा देह ठेवलेल्या काचपेटीला तो हात टेकवून धरला, आणि संध्याकाळची प्रार्थना संपायच्या आत बोटं हलली. तेव्हापासून सगळं कास्तेलवेंतो शहर तिला मानीना म्हणतं, म्हणजे चिमुकला हात. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, केस पांढरे व्हायला लागलेत, तरी बाजारात मासेवाला ओरडतो, "मानीना, आज ट्राउट ताजा आहे गं." आर्मेलिना सातशे वर्षांपूर्वी गेली. शहर तिला तेव्हापासून संतच समजत आलं, पण रोमनं तिला धन्य म्हणण्यापलीकडे मजल जाऊ दिली नव्हती. धन्यची संत व्हायची तर एक चमत्कार पाहिजे, कागदोपत्री सिद्ध झालेला. तो चमत्कार म्हणजे बुटांच्या दुकानातली ओर्नेल्ला. रोमहून डॉक्टर आले, त्यांनी तिचा हात वर केला, खाली केला, तिला बादली उचलायला लावली, सुईत दोरा ओवायला लावला. मग त्यांनी निकाल दिला. बरं होणं कसं असावं लागतं याचे त्यांच्याकडे तीन शब्द होते: ताबडतोब, संपूर्ण आणि टिकाऊ. संतपदाचं काम बघणाऱ्या फादर उबाल्दोंनी ते तिला कौतुकानं वाचून दाखवले तेव्हा तिसऱ्या शब्दाला तिला हसू फुटलं होतं. म्हणाली, "फादर, हे तर मी रोज गिऱ्हाइकाला सांगते." फादरही हसले होते. दीड वर्ष झालं त्याला. आता पोपसाहेबांची सही तेवढी राहिली होती, आणि ती आर्मेलिनाच्या सणाच्या आसपास होईल असं सगळे धरून चालले होते.

तो अंगठा दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशीही. ओर्नेल्लानं स्वतःला समजावलं, थंडी आहे, वय आहे, काल दुकानाचे मालक बर्नार्डिनीशेठनी सगळी खोकी माळ्यावर चढवायला लावली. मग एका सकाळी बारमध्ये कॉफीचा कप उचलताना मनगटच वाकलं, कप बशीत लवंडला, आणि काउंटरमागचा माणूस फडकं घेऊन धावला. "काही नाही, काही नाही, मानीनाचं सांडलेलं शुभच असतं," तो म्हणाला आणि लोक हसले, आणि तीही हसली. ती हसली याचाच तिला दिवसभर राग येत राहिला. हाताबद्दल काही बोलायचं म्हटलं की या शहरात समोरच्याच्या तोंडात उत्तर तयार असायचं. लहानपणी शाळेत तिचं अक्षर घाणेरडं होतं, तर सिस्टर म्हणायच्या, संतांची अक्षरं अशीच असतात. हिवाळ्यात हाताला भेगा पडल्या की शेजारणी त्यांवर तेल लावायला भांडायच्या. अधू पायांच्या पोरांना घेऊन खेड्यांतून बायका दुकानात यायच्या, बूट तिनंच घालावेत म्हणून. आणि बर्नार्डिनीशेठ त्या बायकांकडे बघून मिशीला पीळ द्यायचे. चाळीस वर्षांत तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं, की बाई, हात दुखतो का. तो दुखायचा. पावसाळी हवेत तर रात्ररात्र दुखायचा. पण दुखतो म्हणायची सोय नव्हती, कारण तो बरा झालेला होता.

केस विंचरणं डाव्या हातावर आलं, नाव लिहिताना अक्षर सरकायला लागलं, तेव्हा कातड्याचे नमुने बघायचे आहेत असं सांगून ती बसनं पेरुजाला गेली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. दवाखान्यातली डॉक्टरीण पोरसवदा होती, उत्तरेकडची, बोलण्यावरूनच कळत होतं. तिनं ओर्नेल्लाला कपडे काढायला लावले, हात दाबून पाहिला, आणि विचारलं, "पोलिओ कधी झाला होता?" जसं एखाद्याला विचारावं, लग्न कधी झालं. मग तिनं समजावून सांगितलं. त्या वेळी हाताच्या बऱ्याचशा नसा मेल्या. ज्या उरल्या त्यांनी मेलेल्यांचं काम अंगावर घेतलं, एकेकीनं चार चार जणींचं, आणि चाळीस वर्षं ओढलं. आता त्या थकल्यात. असं पुष्कळांचं होतं, अलीकडेच लक्षात यायला लागलंय.

"म्हणजे मी बरी झाले नव्हते?" ओर्नेल्लानं विचारलं.

"झाला होतात की. चाळीस वर्षं हात वापरलात. बहुतेकांचा नाही होत एवढा."

"आणि आता?"

डॉक्टरिणीनं खरं काय ते सांगितलं. जोर जात जाईल, वरपर्यंत, खांद्यापर्यंत. परत यायचा नाही. हाताला विश्रांती द्या, ओझी उचलू नका. मग तिनं चष्मा काढला आणि विचारलं, "दुखतो का फार?" आणि ओर्नेल्ला, चारचौघांत कधी डोळ्यांतून टिपूस न काढणारी, त्या पोरीसमोर उघड्या अंगानं हमसाहमशी रडली. किती वेळ रडली कुणास ठाऊक. बाहेर बाकावरच्या लोकांनी ऐकलं असणार. परतीच्या बसमध्ये तिला हलकं वाटत होतं, आणि कास्तेलवेंतोच्या वेशीचा दरवाजा दिसल्याबरोबर ते हलकेपण गेलं. आपल्याला काय हवंय ते तिला त्या बसमध्ये अगदी लख्ख कळलं. आपण आजारी आहोत, एवढं उघडपणे म्हणता यावं. बाकी काही नको. आजारी माणसाला जे मिळतं ते मिळावं, खुर्ची, रजा, शेजारणीनं आणून दिलेला रस्सा. आणि हेच एक या शहरात तिला मिळणार नव्हतं, कारण ती आजारी पडली की आर्मेलिना पडणार होती.

आधी ती फादर उबाल्दोंकडे गेली. म्हातारा तीस वर्षं या एकाच कामाला वाहिलेला. रोमच्या कचेऱ्यांचे जिने चढून चढून गुडघे गेलेले. वाईट माणूस मुळीच नव्हता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट बघितला.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"डॉक्टरला. आणि तुम्हाला."

"दिर्चेला?"

"नाही अजून."

"हे बघ पोरी, चाळीस वर्षं टिकला हात. आणखी किती टिकाऊ पाहिजे? माझे गुडघे टिकले नाहीत एवढे."

"मग तसं रोमला लिहा ना. चाळीस वर्षं टिकला आणि आता गेला म्हणून."

फादरनी तिचा हात सोडला. मठात नऊ सिस्टर उरल्यात, त्यांतल्या सहा अंथरुणाला खिळलेल्या. संतपद आलं नाही तर बिशप मठ बंद करून त्यांना कुठल्या कुठल्या वृद्धाश्रमांत विखरून टाकणार, हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. शेवटी ते इतक्या हळू बोलले की तिला पुढं वाकावं लागलं. "मी तुला खोटं बोल म्हणत नाही. ते पाप आहे. तू फक्त बोलू नकोस."

आईला सांगायचं तिच्या मनात नव्हतं. म्हातारी ब्याऐंशीची, कानांनी तयार पण डोळ्यांत मोतीबिंदू. आईशी ती कधी भांडली नव्हती. सात वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन चढण चढलेली बाई, तिच्याशी कुणी कसं भांडावं? पण दोघींच्या त्या अडीच खोल्यांत काही लपून राहत नसे. दिर्चे तव्यावरची जाड भाकरी उलटत होती, ओर्नेल्ला भाजी चिरत होती, आणि सुरीचा आवाज ऐकून आई पाठमोरीच म्हणाली, "डाव्या हातानं का चिरतेस?" चोरी पकडल्यासारखी ओर्नेल्ला थांबली. मग तिनं सांगून टाकलं, बस, डॉक्टरीण, नसा, सगळं. भाकरी करपली. आईनं शेगडी बंद केली, एप्रनला हात पुसले, आणि वळून विचारलं,

"काय केलंस तू?"

"म्हणजे?"

"दिलेलं परत घेणारी नाही ती. चाळीस वर्षं दिलं. तू काहीतरी केलं असशील."

"आई, नसा थकल्यात. डॉक्टर सांगते."

"डॉक्टर तेव्हाही पुष्कळ सांगत होते," दिर्चे म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं करपलेली भाकरी सुरीनं खरवडून दोन भाग केले, आणि कमी करपलेला लेकीच्या ताटात ठेवला. रात्री पलंगाशी गुडघे टेकून ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. आपल्यासाठी माफी मागतेय, हे ओर्नेल्लाला भिंतीपलीकडून कळत होतं. चीड आली. आणि चिडता चिडताच तिनं शोधायला सुरुवात केली, काय केलं आपण?

असं शोधायला बसलं की सापडतंच. रेन्झो सापडला. जमीनमोजणी खात्यात होता, उंच, जरा पोक काढून चालायचा, तोंडात सतत बडीशेपेची गोळी. ती सव्वीस वर्षांची असेल. सिनेमागृहात अंधारात त्यानं तिचा हात धरला, आणि तिच्या उजवीकडे बसला होता म्हणून तो तोच हात निघाला. त्याच्या तळव्याला घाम होता. तिला बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी मागच्या सगळ्या रांगा आपल्या हाताकडेच बघताहेत असं वाटून मानेवर काटा उभा राहत होता. त्याला तुरीनमध्ये नोकरी लागली. चल म्हणाला. तिनं आईला विचारलं, आईनं नाही म्हटलं नाही. फक्त म्हणाली, मग सणाला आर्मेलिनाचा हातमोजा कोण बदलणार? रेन्झोला तिनं तेच सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, "तुझ्याशी संसार म्हणजे बाई, चर्चमध्ये बिऱ्हाड केल्यासारखं व्हायचं." गेला. त्याला तिथं तीन मुली झाल्या असं कळलं. आता अंथरुणात पडल्या पडल्या तिला प्रश्न पडला, पाप कोणतं धरायचं, हात दिला ते की सोडवून घेतला ते? तिला खरोखर कळेना. आणि हे शोधत बसलोय आपण, आईसारखंच, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच किळस आली.

त्याच्याही मागे जायचा तिनं प्रयत्न केला, त्या संध्याकाळपर्यंत. पण ती संध्याकाळ तिची राहिलीच नव्हती. ती तिला आईनं सांगितली होती, सिस्टरांनी सांगितली होती, रोमच्या लोकांसमोर तिनं स्वतः तीच पुन्हा सांगितली होती, पाठ केलेली. त्यातलं आपल्याला आठवतं ते कोणतं? काचेचा गारवा गालाला. मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास. आई खांद्याला इतकं जोरात दाबत होती की तेच जास्त दुखत होतं. पलीकडे मखमलीवर ठेवलेला हातमोजा. आणि आणखी एक, जे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही कारण खरं का खोटं तिलाच ठाऊक नव्हतं: त्याच्या आधी कधीतरी, घरी, पांघरुणाखाली, करंगळी हलली होती. एकदा. किंवा ते स्वप्न असेल. किंवा आता, हे सगळं झाल्यावर, तिचं मन ते रचत असेल. तिनं ते चाचपून पाहिलं, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी ते थोडं वेगळं लागलं. खाली काही टणक लागेचना. दुसऱ्यांची आयुष्यं निदान त्यांना आठवतात तरी, असं तिला वाटलं आणि भयंकर एकटं वाटलं.

एकटं वाटलं की ती आर्मेलिनाचा विचार करी. यात भक्ती किती होती देव जाणे. दरवर्षी सणाच्या आदल्या दिवशी दुपारी काचपेटी उघडायची, आर्मेलिनाच्या उजव्या हातातला जुना हातमोजा काढून सिस्टरांनी विणलेला नवा चढवायचा, आणि हे काम मानीनानं त्या बऱ्या झालेल्या हातानं करायचं, असा रिवाज पडून गेला होता. तो हात सुकलेल्या खजुरासारखा, काळपट, हलका. अनामिका नव्हती, ती पलीकडच्या गावानं तीनशे वर्षांपूर्वी चोरली आणि अजून परत देत नाहीत, त्यावरून दोन्ही गावांच्या पोरांत अजूनही मारामाऱ्या होतात. मरून पुरती थंड झाली नव्हती तर सिस्टरांनी आर्मेलिनाची छाती उघडून, संतांच्या हृदयावर उमटतो म्हणतात तो क्रूस सापडतो का ते पाहिलं, असं जुन्या पोथीत लिहिलंय, आणि लोक ते मोठ्या प्रेमानं वाचतात. ओर्नेल्लाला वाटे, बाई, तुला विचारलं का गं कुणी? तुला मरून तरी पडू दिलं का? चाळीस वर्षं वर्षातून एकदा त्या हाताला धरणारी ती एकटीच होती. मोजा चढवायला वेळ लागला की लोक खूश व्हायचे. "सोडत नाहीये," म्हणायचे. आर्मेलिना सोडत नाहीये, म्हणजे वर्ष चांगलं जाणार. एका वर्षी बटण अडकलं होतं नुसतं, तर त्या वर्षीच्या द्राक्षांचं श्रेय अजून ओर्नेल्लाला मिळतं.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळीच मठाची घंटा वाजायला लागली आणि वाजतच राहिली. पोपसाहेबांची सही झाली होती. दुकानं पटापट बंद झाली, बर्नार्डिनीशेठनी रस्त्यातच ओर्नेल्लाच्या गालांची चुंबनं घेतली, पाल्मिराबाई नव्या बुटांत रडत होती. "आपली झाली गं, आपली संत झाली." ओर्नेल्लाचा हात तेव्हा खांद्यापासून खाली जवळजवळ गेलेला होता. आठवडाभर ती तो कोटाच्या खिशात घालून वावरत होती. सुटका कशातच नव्हती. गप्प राहिली तर मरेपर्यंत खिशात हात घालून राहायचं, आणि रोज रात्री भिंतीपलीकडे आई माफी मागणार. तिनं ठरवलं, सांगायचं. सगळ्यांसमोर, बिशपसमोर, म्हणजे फादरना गिळता येणार नाही. नऊ सिस्टरांचं काय व्हायचं ते होऊ दे. आपल्याला दुष्ट म्हणतील, म्हणू देत. दुष्ट माणसालासुद्धा आजारी पडायची परवानगी असते.

दुपारी मठाचं छोटं चर्च इतकं भरलं होतं की माणसं पापनिवेदनाच्या खोक्यांवर चढून बसली होती. जाळीमागून सिस्टर गात होत्या, तीन थरथरते आवाज. बिशप सोनेरी झग्यात उभे, शेजारी फादर उबाल्दो, काठीवर रेललेले. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली केली. दिर्चेला पुढच्या बाकावर बसवलं होतं. ती काठी टेकत उठून लेकीच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, दरवर्षीसारखी. काचेचं झाकण वर गेलं. ओर्नेल्लानं डाव्या हातानं उजवा उचलून पेटीच्या कडेवर ठेवला, आणि मग तो घसरून आर्मेलिनाच्या हातावर जाऊन पडला. तसाच पडून राहिला. नवा रेशमी मोजा बाजूला तबकात होता. लोक थांबले. गाणं संपलं. खोकल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"माझा हात चालत नाही," ओर्नेल्ला म्हणाली. तिनं पुन्हा म्हटलं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "आजार परत आलाय. माझा हात मेलाय. पुष्कळ दिवस झाले. मी बरी नाहीये."

कुणी हललं नाही. बिशपनी फादरकडे पाहिलं. ओर्नेल्लाला वाटलं, झालं, सुटले. तिला बसावंसं वाटलं. कुणीतरी आता खुर्ची आणेल असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"सोडत नाहीये," दिर्चे म्हणाली.

म्हातारी पेटीवर वाकली होती, मोतीबिंदूचे डोळे दोन्ही हातांच्या अगदी जवळ नेऊन बघत होती, खालचा काळपट हात आणि वर निपचित पडलेला लेकीचा. तिनं मान वर केली. चेहरा इतका उजळला होता की ओर्नेल्लानं तो तसा कधी पाहिला नव्हता. "बघा तरी. हात ठेवून घेतलाय तिनं. आपल्याजवळ ठेवून घेतलाय." मग ती लेकीकडे वळली, तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि घरच्या आवाजात, हळू, म्हणाली, "तू काहीच केलं नव्हतंस गं पोरी. मला क्षमा कर. तू काहीच केलं नव्हतंस."

हेच तर ऐकायचं होतं तिला. "आई, तसं नाही," ती म्हणाली, "आई, ऐक ना," पण मागे एक बाई गुडघ्यांवर आली होती, मग तिच्या मागची, आणि मग पुढून पाठीमागं गुडघे टेकल्याचा आवाज जात राहिला, फरशीवर लाकूड टाकत जावं तसा. जाळीमागं कुणीतरी रडत गायला लागलं. बिशपनी थोडा विचार केला, आणि तेही खाली बसले. मठाच्या त्या सहा अंथरुणाला खिळलेल्या सिस्टरांना हे सांगायला कुणीतरी आत पळालं. ओर्नेल्ला बोलत होती. आपण बोलतोय हे तिला कळत होतं, नसा, डॉक्टरीण, पेरुजा, एकेक शब्द ती नीट उच्चारत होती, आणि समोरची माणसं डोळे मिटून, माना हलवत, प्रार्थना ऐकावी तसं ऐकत होती.

पहिली आली पाल्मिराबाई. ती पेटीशी वाकली आणि आर्मेलिनाला सोडून तिनं ओठ ओर्नेल्लाच्या हातावर टेकवले, ओले, खारट. मग बर्नार्डिनीशेठची मिशी. मग मासेवाला, बारवाला, खेड्यांतून आलेल्या बायका, एक एक करून, कुणी बोटांना, कुणी मनगटाला, एका म्हातारीनं तर कपाळ घासलं. रांग दारापर्यंत गेली आणि दाराबाहेर वळली. फादर उबाल्दोंचा नंबर आला तेव्हा ते तिच्यासमोर नुसते उभे राहिले. त्यांना सगळं ठाऊक होतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, तोंडानं काही न बोलता, जेवढं मागता येतं तेवढं मागितलं. मागून लोकांनी जरा रेटलं, तेव्हा ते काठी सावरत वाकले, आणि त्यांचेही कोरडे ओठ लागले.

आईनं डावा हात सोडला नव्हता. उजव्याला सगळं कळत होतं, प्रत्येक श्वास, प्रत्येक थुंकीचा ओलावा, कुणाच्या दाढीचे खुंट. फक्त तो ओढून घेता येत नव्हता.